पाचवी मूठ

नागपंचमी झाली की उधन्यातल्या आमच्या घंटीवर सकाळपासून रांग लागते. पिठाच्या गिरणीला सुरतेत घंटी म्हणतात. इथं जन्मलेल्या आमच्या पोरांना तर गिरणी हा शब्दच ठाऊक नाही. रांगेत सगळ्या खानदेशी बाया. डोक्यावर पदर, काखेत पांढऱ्या धडुत्याचं गाठोडं आणि तोंड अखंड चालू. कुणाची सून माहेरी जाऊन बसलीय, कुणाच्या नवऱ्याचे लूम बंद आहेत, कुणाला जावई गुजराती मिळालाय आणि तो म्हणे मिरचीच खात नाही. पट्टा फटफट वाजत असतो, गरम पिठाचा वास रस्त्यापर्यंत येतो, आणि माझा उजवा हात आपोआप मिटतो. खरंच मिटतो. भाजीवाल्यापुढे उभी असले तरी मिटतो. माझी मुलगी हसते आणि म्हणते, "मम्मी, तारुं पाछुं चालू थयुं!" तुझं झालं का परत सुरू, म्हणते.

हसू दे. तिला काय माहीत, या मुठीपायी मी चार दिवस जबडा दुखेपर्यंत चावत बसले होते.

ठाऊक नसेल त्यांना सांगते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आम्हा खानदेश्यांकडे कानबाई बसते. पाटावर कलश, कलशावर नारळ, नारळाला डोळे, नथ, हिरवं लुगडं. आणि तिच्या नैवेद्याला रोट. गहू आणि चण्याच्या डाळीच्या पिठाचे जाडजूड, खरपूस रोट. पण हे पीठ डब्यातून काढून चालत नाही. आदल्या दिवशी सगळी भाऊबंदकी एका घरी जमते. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. आमच्यात त्या मुठीमागे सव्वा शेर धान्य ठरलेलं. ते दळण वेगळं, चूल सगळ्यांची एक. रोट घरच्यांनीच खायचे, उंबऱ्याबाहेर कण जाऊ द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीनं माहेरचे रोट खायचे नाहीत, कारण ती आता दुसऱ्या भाऊबंदकीची. न गेलेल्या लेकीनं खायचे, पण तिच्या नावाची मूठ मात्र पडायची नाही. म्हणजे खायला तोंड आहे, सुपात नाव नाही. वा रे वा!

आम्ही तिघी बहिणी. सुमनताई, मग मी, मग बेबी. भाऊ नाही. त्यामुळे गावी रोटाच्या दिवशी आमच्या घराची एकच मूठ पडायची, अप्पांची. आमच्या वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. चाळीस घरांच्या भाऊबंदकीत कुणाच्या पाच मुठी, कुणाच्या सात. गहू सुपात पडताना सर्रकन आवाज येतो. सात मुठींच्या घराचा आवाज लांबलचक चालायचा आणि आमचा सुरू होण्याआधीच संपायचा. बाया पदरात तोंड घालून आम्हाला 'एकमुठे' म्हणायच्या. 'एकमुठ्यांची पोर आली.' 'एकमुठ्यांकडून जरा ताक आण.' वाईट हेतूनं म्हणायच्या असंही नाही, सवय झाली होती. एका वर्षी पाळण्यातल्या आठ दिवसांच्या पोराची मूठ पडली. बेंबीही सुकली नव्हती त्याची. आणि नववीत पहिली आलेली आमची ताई शेजारी उभी राहून सूप धरत होती. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण दहा वर्षांच्या पोरीच्या मस्तकाला कोण विचारतो.

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या श्रावणातली गोष्ट. त्या तापाच्या भीतीनं आदल्या वर्षी अर्धं उधना गावाकडे पळालं होतं, आम्हीही त्यातच. परत आलो तेव्हा शहर चुना मारून पांढरं झालेलं आणि मालक चिडलेले. खाडे खूप झाले होते. श्रावणात सुट्टी मागितली की एकच उत्तर मिळायचं, "जा, पण परत येऊ नकोस." तेव्हा उधन्यातल्या आमच्या भाऊबंदकीच्या पाच घरांनी ठरवलं की यंदा कानबाई इथंच बसवायची, नानांच्या खोलीत.

नाना म्हणजे अप्पांचे थोरले चुलतभाऊ. मला त्यांच्याबद्दल वाकडं लिहायचं असतं तर सोपं झालं असतं, पण माणूस चांगला होता. अप्पांना कापडाच्या लूमवर त्यांनीच लावलं. आमची खोली त्यांनीच बघून दिली. बेबीला न्युमोनिया झाला तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर तीन दिवस बसून राहिले, बारा तासांची पाळी सोडून. परमुलखात भाऊबंदकी म्हणजे काय ते ज्याला कुणी नाही त्यालाच कळतं. मेल्यावर खांदा कोण देणार, पोरीच्या लग्नात मांडवात कोण उभं राहणार, याचं उत्तर आमच्यासाठी एकच होतं: ती चार घरं. आणि त्या चार घरांचे नाना.

म्हणून मुठींच्या आदल्या दिवशी माय जेव्हा घरात गहू निवडता निवडता म्हणाली, "औंदा मी पोरीसनी मूठ टाकसू," तेव्हा अप्पांनी हातातला चहा खाली ठेवला. माय म्हणजे आमची आई. दिवसभर घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची, त्यामुळे तिच्या बोटांवर डिंकाचा एक पापुद्रा कायम असायचा. बोलायला कमी. पण तिनं एकदा म्हटलं की ते सिमेंट.

"अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची," अप्पा म्हणाले. "आपल्याला पोरगा नाही हे सगळ्यांना माहीत आहे. ते सुपात वाजवून कशाला दाखवतेस? नानानं वाळीत टाकलं तर कुठं जाशील?"

"पोरी कोठे जातीन?" मायनं विचारलं आणि गहू पाखडायला लागली. पोरी कुठं जातील, असं ती विचारत होती, आणि ते अप्पांना उद्देशून नव्हतंच, असं मला आज वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या खोलीत पाच घरं दाटीवाटीनं बसली. नानी, म्हणजे नानांची बायको, सूप धरून. नाना नावं घेत होते. आमची पाळी आली. माय पुढं झाली, अप्पांचं नाव घेतलं गेलं, सर्रकन गहू पडले. नाना पुढच्या घराचं नाव घेणार एवढ्यात मायनं परत मूठ भरली.

"सुमननी मूठ," ती म्हणाली.

बसलेल्या बाया माना वळवून बघायला लागल्या.

"हाई काय शे?" नाना म्हणाले. हे काय आहे?

जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, माय तोंड वर करून कधी बोललेली नव्हती. तेव्हाही बोलली नाही. डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला आणि नानीकडे बघून म्हणाली, "नानी, मूठ शे. सुमननी."

"पोरी परक्या घरन्या. त्यासनी मूठ पडत नही," नाना भिंतीकडे बघून म्हणाले. तेही भावजयीकडे थेट बघत नसत. असं ते भांडण झालं, एकमेकांकडे न बघता. एकानं भिंतीशी बोलायचं आणि दुसरीनं सुपाशी.

"आज भाकर आठेच खातस ना त्या? मंग मूठ बी आठेच पडी." भाकर इथंच खातात, तर मूठही इथंच पडेल, असं माय म्हणाली. आणि मग उद्यासाठी पाटावर सजवून ठेवलेल्या नारळाकडे मान करून, अगदी हळू, "नानी, कानबाई कोण शे? बाईच शे ना?"

नानीच्या हातातलं सूप हललं. ती हसली की दचकली, मला अजून ठरवता आलेलं नाही. मायनं माझं नाव घेतलं. मग बेबीचं. सर्र, सर्र. माझं नाव कानबाईपुढं पहिल्यांदा घेतलं गेलं आणि मी काय केलं, तर नाक ओढलं. सर्दी झाली होती. थोर क्षणी माणसाला अशा गोष्टी होतात.

नाना ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले की रीत मोडायची असेल तर मोडा, पण भाऊबंदकीच्या चुलीवर ते धान्य चढणार नाही. "तुमनं तुम्ही रांधा." आणि आम्ही निघताना, मला वाटतं स्वतःच्याच मनाची समजूत घालायला, म्हणाले, "पोरीसना नावना रोट उरतीन. मंग कानबाईच सांगी." पोरींच्या नावाचे रोट उरतील, मग कानबाईच काय ते सांगेल.

झालं. आमचं घर वेगळं पडलं. मायनं चार मुठींचं आणि त्यामागच्या धान्याचं गाठोडं बांधलं आणि मला बरोबर घेऊन घंटीवर गेली. अप्पा पाळीवर निघून गेले. नेहमीपेक्षा अर्धा तास आधी.

घंटीवाले रमणकाका. कपाळापासून चपलेपर्यंत पांढरे, डोळ्यांच्या पापण्यासुद्धा पिठानं माखलेल्या. आमच्या रोटांच्या सकाळी ते आधी घंटी पुसून घ्यायचे, उदबत्ती लावायचे, मग पहिलं दळण आमच्या बायांचं. कुणी सांगितलं नव्हतं, बाया दरवर्षी येतात ते बघून त्यांनीच सुरू केलेलं. त्यांनी गाठोडं हातात घेतलं. माय आधीच्या वर्षांत श्रावणात गावी असायची, त्यामुळे ही ओळख नवी होती.

"बीजी बधी बेनो साथे केम नथी?" काका म्हणाले. बाकीच्या बायकांबरोबर का नाही आलीस?

मायचं गुजराती तेव्हा मोडकं. ती मोडकंतोडकं सगळं सांगून बसली. तीन पोरी, तीन मुठी, चूल वेगळी. परक्या माणसाला तिनं एवढं का सांगितलं असेल? बहुतेक परका होता म्हणूनच. काका दळता दळता ऐकत होते. शेवटी पीठ बांधून देताना त्यांनी एवढंच विचारलं, "ने खावानुं कोणे?" आणि हे खायचं कोणी?

तोच तर प्रश्न होता. रोट शेजाऱ्यांना देता येत नाहीत. कुत्र्याला घालता येत नाहीत. रविवारपासून चार दिवसांवर पौर्णिमा. चार घरांची नजर आमच्या डब्यावर. पहिल्या दिवशी रोट गरम होता, तुपात चुरला, भोपळ्याच्या भाजीशी खाल्ला, स्वर्ग. दुसऱ्या दिवशी चिवट. तिसऱ्या दिवशी त्याला दात लावायचा म्हणजे आधी देवाचं नाव घ्यावं लागे. सकाळी शाळेत जाताना रोट, दुपारी रोट, संध्याकाळी रोट. बेबी सात वर्षांची. तिला रोज आपल्या वाटचा रोट बघून रडू यायचं, आणि ती रडत रडत खायची. वर्गात मराठी शाळेच्या बाकावर बसून मी दप्तरात लपवून रोट चावत होते आणि बाईंनी विचारलं, काय खातेस, तर तोंड भरलेलं. उंबऱ्याबाहेर नेला होता ना! तो पाप-पुण्याचा घोटाळा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही, आता सांगून टाकला. मायला एकच वाक्य येत होतं. आम्ही तोंड वाकडं केलं की म्हणायची, "टाकेल मूठ वाया जावाले नको." टाकलेली मूठ वाया जायला नको.

चौथ्या दिवशी ताई तापानं फणफणली. पोटात काही ठरेना. तिच्या वाटचे दोन रोट डब्यात. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. नानी दुपारी सहज म्हणून डोकावून गेली होती, आणि सहज म्हणून तिची नजर डब्यावर गेली होती. माय ताईच्या उशाशी बसलेली, ओल्या फडक्याची घडी बदलत. मी पहिल्यांदा तिचा चेहरा पडलेला पाहिला. तेव्हा मला नीट कळलं की हे खाण्याचं नाही. डबा रिकामा झाला नाही तर पुढच्या वर्षी आमची नावं कुणी घेणार नाही, आणि मग कधीच नाही.

अप्पा पाळीवरून आले. कानात कापसाचे बोळे, केसांत धाग्यांची लव. चार दिवस ते आपले दोन रोट गुपचूप खाऊन झोपायचे. हातपाय धुऊन त्यांनी डबा उघडला. आत बघितलं. ताईकडे बघितलं. मग पाटावर बसले, रोटाचे तुकडे केले आणि पाण्यात बुडवून खायला लागले.

"नाना म्हणतीन..." माय बोलायला गेली.

"म्हनू दे," अप्पा म्हणाले. "मन्ही पोरनी मूठ शे. मी खासू."

दोन्ही रोट खाल्ले. मग बाहेर जाऊन गल्लीतल्या खाटेवर नानांच्या शेजारी बसले आणि मोठ्यानं ढेकर दिला. माझ्या अप्पांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात मोठं भाषण ते. मला अजून ते आठवलं की हसायला येतं.

मी मास्तरीण आहे, त्यामुळे एखादी गोष्ट झाली की तिचा धडा करायची मला वाईट खोड. सुरतेत आम्ही मूठभर. त्या मूठभरांत आमची भाऊबंदकी पाच घरांची, पाच घरांत वेगळं पडलेलं घर एक, आणि त्या घरातही पहिले चार दिवस माय एकटीच. एवढ्याशा बाईनं काय बदलायचं? पण पुढच्या श्रावणात ती परत नानांच्या खोलीत गेली. पुन्हा पदर पुढं ओढला, पुन्हा त्याच आवाजात, ना जास्त ना कमी, तिनं चार मुठी टाकल्या. नानांनी पुन्हा वेगळं रांधायला सांगितलं. ती पुन्हा हो म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. मला वाटतं ती भांडली असती तर नाना जिंकले असते, कारण भांडणाला उत्तर देता येतं. रुसली असती, आलीच नसती, तर सगळ्यांची सुटका झाली असती. तिनं यातलं काहीच केलं नाही. बाकी सगळं भाऊबंदकीच्या रीतीनं करायची, नानांच्या घरचं पाणी भरायची, नानीच्या गुडघ्याला तेल चोळायची. फक्त ती एक गोष्ट ती सोडत नव्हती. बहुतेकांना वेडं माणूस समजतं, भांडखोर माणूसही समजतं. शहाणं माणूस दरवर्षी तोच वेडेपणा का करतंय, हे मात्र डोक्यात बसून राहतं.

दुसऱ्याच वर्षी भाऊबंदकीतली विमलकाकू संध्याकाळी मागच्या दारानं आली. तिला दोन मुलगे आणि एक मुलगी. ओच्यातून गहू काढले आणि म्हणाली, "माझ्या मनीची एवढी मूठ तुझ्या गाठोड्यात घाल. दळून आलं की मी घेऊन जाते. आमच्या ह्यांना सांगू नको." म्हणजे बघा, पोरीच्या नावाची मूठ चोरून! आम्ही ते पीठ मांजरासारखं लपवून पोचवलं. तिसऱ्या वर्षी मनीची मूठ उघड पडली. चौथ्या वर्षी आणखी एका घरातल्या दोन पोरींची. आता वेगळं रांधणारी घरं तीन झाली आणि भाऊबंदकीच्या चुलीवर दोनच उरली. मग वेगळं कोण आणि भाऊबंदकी कोण, हेच कळेना. नानीनं एक दिवस सगळ्यांचं पीठ एका परातीत ओतलं. नाना बाहेर बसून बिडी ओढत होते. त्यांनी बघितलं नाही. म्हणजे, बघितलं नाही असं दाखवलं.

हे सगळं सगळ्यात आधी कळलं ते रमणकाकांना. त्यांना काट्याशिवाय हातानं वजन कळायचं. "बेन, पोटली भारी थई," एका वर्षी ते मायला म्हणाले. "छोकरा वध्या के शुं?" मुलगे वाढले की काय?

"छोकरा नथी वध्या, काका," माय म्हणाली. एव्हाना तिचं गुजराती सुधारलं होतं. "मुठ्ठी वधी."

काका मान हलवत हसले. रोट कसा लागतो हे त्यांना दरवर्षी विचारायचं असायचं आणि देता येत नाही म्हणून माय दरवर्षी ओशाळायची. तिनं त्यांना खीर नेऊन द्यायची प्रथा पाडली. खीर चालते.

आणि मग ती पेंड्यांची सकाळ. गुजरात्यांमध्ये तेव्हा सरळ रीत होती. मुलगा झाला की पेंडे वाटायचे आणि मुलगी झाली की जिलबी. जिलबी वाईट असते असं नाही, मला तर पेंड्यापेक्षा जास्त आवडते, पण पुडा बघूनच गल्लीला कळायचं आणि पेंड्याला जे 'अरे वा' मिळायचं ते जिलबीला नव्हतं. रमणकाकांच्या घरी नातवंड झालं आणि ते पुडा घेऊन गल्लीत आले. पेंडे. लोक म्हणाले, "वाह काका, छोकरो आव्यो!"

"छोकरी आवी," काका म्हणाले. "लो, पेंडो खाओ."

लोकांना वाटलं म्हातारा गोंधळला. समोरच्या कपड्याच्या दुकानवाल्यानं तर समजावून सांगितलं की काका, छोकरीला जिलबी असते. काका म्हणाले, "मने खबर छे." मला माहीत आहे. आमच्या दाराशी आले, मायच्या हातावर पेंडा ठेवला. फक्त म्हणाले की घंटीवर बसून इतकी वर्षं बाया काय दळतात ते बघतोय. आणि पुढच्या दाराकडे गेले. आज त्या गल्लीत मुलीचे पेंडे वाटताना कुणी थांबून विचारत नाही. हे एका माणसामुळं झालं असं मी म्हणणार नाही, काळही बदलला. पण काळ काय आपोआप बदलतो? कुणीतरी पहिला पुडा चुकीचा आणावा लागतो.

सगळ्यात मजा झाली ती गावी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी कशी कोण जाणे पाचही घरांना सुट्टी मिळाली आणि आम्ही सगळे कानबाईला गावी गेलो. चाळीस घरं, मोठं अंगण, मोठं सूप. आमची पाळी आली आणि मायनं पदर पुढं ओढला. मला धडकी भरली. इथं तर चाळीस घरं! तिनं अप्पांची मूठ टाकली आणि मग ताईचं नाव घेतलं. एक म्हातारा खेकसला, हे काय सुरतेचं खूळ, बायकांच्या हाती कारभार दिला की असंच होतं. आणि काय सांगू, नाना उठून उभे राहिले. आमचे नाना! लालबुंद झालेले. "आमना सुरतले पोरीसनी बी मूठ पडस," ते म्हणाले. "हाई आमनी रीत शे. पयलेपासून!"

पहिल्यापासून! नानीनं माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडात कोंबला. माय सुपाकडेच बघत होती. मी रात्रंदिवस ज्या माणसावर दात खाल्ले, तो आमची रीत आमच्यापेक्षा मोठ्यानं सांगत होता. मला राग यायला हवा होता. तो आला नाही. गावाच्या चाळीस घरांपुढं आता नानाच मूठभर होते, आणि ते मूठभर असणं त्यांना किती छान जमत होतं.

आता ताई सुरतेतच पर्वत पाटियाला राहते, बेबी पलीकडे सचिन गावाला. मला उधन्यातच दिलं. सासरी पहिल्याच श्रावणात मी नवऱ्याच्या मुठीमागे माझी मूठ टाकली. सासूबाई दोन दिवस धुसफुसल्या, मग त्यांनीच पीठ मळलं. सासू-सासरे आता नाहीत; आज आमच्या घराच्या चार मुठी: नवरा, मुलगा, मुलगी, मी. अप्पा गेल्यापासून माय माझ्याकडेच असते. आणि गंमत अशी, की ही बाई रोटांच्या दिवसांत माझ्या घरचा रोट शिवत नाही. जावयाची भाऊबंदकी वेगळी, म्हणते. कोपऱ्यात बसून भाकरी-ठेचा खाते. मी किती डोकं आपटलं. "तू ती रीत मोडलीस, मग ही का पाळतेस?" तर म्हणते, "ती पोरीसनी व्हती." ती पोरींची होती.

यंदा शनिवारी गहू निवडताना मी माझ्या मुलीला ही सगळी गोष्ट सांगत होते. ती कॉलेजात आहे, मोबाइलमधून मान वर न काढता ऐकत होती. मध्येच म्हणाली, "एक मिनिट. तेव्हा घरात तुम्ही जण किती?"

"पाच."

"ने मुठ्ठी चार?"

मी बोटांवर मोजलं. तीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आले. वर्गात सांगितली, बचतगटात सांगितली, दोनदा टाळ्या घेतल्या. अप्पांची, ताईची, माझी, बेबीची. चार मुठींचं गाठोडं माझ्या काखेत मीच नेलेलं. पाच तोंडं आणि चार मुठी, आणि एकदाही माझ्या लक्षात आलं नाही. मायनं स्वतःचं नाव कधी घेतलंच नव्हतं. नानांनी अडवलं म्हणून नव्हे. तिच्या मनातच आलं नव्हतं, आणि आमच्याही नाही. माझी मला इतकी लाज वाटली की सूप हातातून खाली ठेवलं.

मग उचललं. माय कोपऱ्यात बसली होती, पाय लांब करून, डाळीतले खडे वेचत. मी चार मुठी टाकल्या, चार नावं घेतली. पाचवी मूठ भरली. तिच्यासारखाच पदर पुढं ओढला, तिच्यासारखीच सुपाकडे बघत राहिले.

"द्वारकाची मूठ," मी म्हणाले.

तिचं नाव द्वारका. आमच्या घरात ते शिधापत्रिकेशिवाय कुठं उच्चारलं गेलं असेल, मला शंका आहे. तिनं मान वर केली, जणू कुणी दुसरीच बाई दारात आलीय.

"मी नही खावाव," ती म्हणाली. मी खाणार नाही.

"नको खाऊ. मी टाकणार. पुढच्या वर्षीही टाकणार."

ती पुन्हा खडे वेचायला लागली. मला ते भांडण कसं चालवायचं हे चांगलं ठाऊक आहे, मी लहानपणी बघून शिकलेय.

रविवार गेला, सोमवार गेला. आमचे रोट संपत आले. तिच्या नावाचे दोन मी वेगळ्या डब्यात झाकून ठेवले आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मंगळवारी ती डब्यावरून दोनदा गेली. बुधवारी, पौर्णिमेच्या आदल्या दुपारी, मी शाळेतून आले तर घर शांत. माय ओट्यापाशी पाटावर बसलेली. पुढ्यात दुधाची वाटी. दात उरलेत तीन-चार, त्यामुळे रोटाचा एकेक तुकडा दुधात बुडवून, बोटानं दाबून बघत होती मऊ झाला का. माझी चाहूल लागली तरी मान वर केली नाही.

"टाकेल मूठ वाया जावाले नको," ती वाटीकडे बघून म्हणाली, आणि तुकडा तोंडात टाकला.